ज्याचं किट तो कॅप्टन : मेरी वेदरवरनं दिसणारे जगातले कर्णधार

फाईनलेगचा_पावणा

आंतरराष्ट्रीय कर्णधारावर केवढा ताण असतो हे ऐकून ऐकून कान किटले. असेल बाबा. पण त्याला निवड समिती पंधरा माणसं हातात देते, बस मैदानाच्या दारात सोडते, जेवण तयार असतं, आणि पॉइंटवरचा गडी 'पावणं आल्यात' म्हणून मधल्या ओव्हरला घरी जात नाही. आमच्या क्लबाचा कॅप्टन शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर "उद्या कोण कोण?" असं विचारत बसतो. सात अंगठे येतात, तिघांचे टिक निळे होऊन तसेच राहतात, आणि एकजण गुड नाईटचा फोटो टाकतो. त्या फोटोवाल्याला येणारा धरायचा की न येणारा, हा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या पाँटिंगला कधी घ्यावा लागला नाही. त्याला तो जमलाही नसता. एजबॅस्टनला २००५ साली मॅकग्राचा पाय सरावात बॉलवर पडून मुरगळला, तरी या गड्यानं टॉस जिंकून बॉलिंगच घेतली आणि पहिल्याच दिवशी ४०७ खाल्ल्या. मेन बॉलर आला नसेल तर आधी बॅटिंग घ्यायची आणि तोवर त्याला फोन लावत बसायचं, हे आमच्यातल्या बारक्या पोरालाही कळतं.

तर जगातल्या कर्णधारांकडं आपल्या बाजूनं बघायला हा धागा. क्लबाबद्दल थोडक्यात सांगतो. रविवार सकाळ, सीझन बॉल, मॅट. कोल्हापुरातलं मेरी वेदर मैदान मोकळं मिळालं तर तिथं, नाहीतर गांधी मैदान. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठलं की सुट्टी. वयोगट सतरा ते गुडघेदुखी. कोल्हापुरात क्रिकेट हा तसाही तिसऱ्या नंबरचा खेळ. पहिली कुस्ती, दुसरा फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार असली की आमच्यातल्या निम्म्यांच्या घरात कुणीतरी आजारी पडतं.

आता मूळ मुद्दा. आमचा कॅप्टन कॅप्टन कसा झाला? किट त्याचं. ते आणणारी ओम्नी त्याची. मॅट गुंडाळून ठेवायला जागाही त्याच्याच गोठ्यात. सलामीला तोच जातो, कारण पॅड आधीच त्याच्या पायात असतात. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. भारतीय क्रिकेटची रीतच तशी पडली आहे. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. पण त्यांना स्वतःच्या बॅटिंगची कल्पना होती, म्हणून लॉर्ड्सच्या कसोटीला ते बाजूला झाले आणि सी. के. नायडूंनी कप्तानी केली. १९३६ ला मात्र विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, गेले ते बाजूला व्हायचं नाव घेईनात. तीन कसोटींत मिळून ३३ धावा, सरासरी ८.२५. दौऱ्यात चांगला खेळत असलेल्या लाला अमरनाथना पहिली कसोटी व्हायच्या आधीच बेशिस्तीचा ठपका ठेवून बोटीनं माघारी लावलं. मँचेस्टरला मर्चंटला रनआउट कर म्हणून त्यांनी मुश्ताक अलीला सांगितल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. मुश्ताकनं ते मर्चंटलाच जाऊन सांगितलं म्हणे, आणि दोघांनी २०३ ची सलामी दिली.

आमच्या कॅप्टनची सरासरी विझीच्या आसपासच आहे. पण तो कुणाला माघारी लावत नाही. लावला तर दहा उरतात.

टॉसचं बघा. २०११ च्या वर्ल्डकप फायनलला वानखेडेवर एवढा दंगा होता की संगकारानं छापा म्हटलं की काटा ते सामनाधिकाऱ्याला ऐकू गेलं नाही. टॉस परत केला. तो संगकारानं जिंकला, मॅच धोनीनं. रोहित शर्मा वनडेत ओळीनं १२ टॉस हरला आणि लाराच्या विक्रमाशी बरोबरी केली. ज्या मॅचला बरोबरी झाली ती चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनलही जिंकून आला. भारताची वनडेतली ही टॉसची साडेसाती २० वर गेली, तेव्हा राहुलनं विशाखापट्टणमला डाव्या हातानं नाणं उडवलं आणि जिंकला. आमच्याकडं अडचण वेगळी आहे. सगळे मोबाईलवरनं पैसे देत असल्यामुळं बावीस जणांत मिळून एक नाणं निघत नाही. मग खापरीचा तुकडा घ्यायचा, एका बाजूला थुंकायचं आणि ओला की सुका. यात डावा-उजवा हात चालत नाही, ऊन कडक असलं की सुका जिंकतो.

रायपूरला २०२३ मध्ये रोहित टॉस जिंकला आणि काय घ्यायचं तेच विसरला, तर लोक हसले. आमचा कॅप्टन टॉस जिंकला की "विचारून सांगतो" म्हणून परत येतो. त्याचं कारण असं की बॅटिंग घेतली तर उशिरा येणारे तोवर पोचतात, आणि फिल्डिंग घेतली तर लवकर जाणारे घावतात. डोकं शांत ठेवून जुळवायला लागतं.

आता हेल्मेट. ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली. श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज क्रीजवर आला, हेल्मेटचा पट्टा तुटला, दुसरं मागवलं, तेवढ्यात बांगलादेशचा कप्तान शाकिबनं अपील करून त्याला 'टाइम्ड आउट' दिला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बाद होणारा तो पहिला. जगभर चर्चा, खिलाडूवृत्ती वगैरे. अहो, शाकिब आमच्याविरुद्ध कप्तान असता तर आम्ही एकही ओव्हर न खेळता ऑलआउट झालो असतो. क्लबाची हेल्मेटं दोन, त्यातल्या एकाला जाळी नाही. त्यामुळं जाळीचं हेल्मेट स्ट्राईकवाल्याकडं. विकेट पडली की बाद झालेला आणि येणारा अर्ध्या वाटेत भेटतात. बाद झालेला शिव्या देत पट्टा सोडतो, येणारा आतला घाम रुमालानं पुसतो, मग त्याचं डोकं मोठं म्हणून पट्टा दोन भोकं सैल होतो. तोवर अंपायर चुना मळून घेतो. गार्डबद्दल इथं लिहीत नाही, महिला सभासदही वाचतात.

आमचा आदर्श विचाराल तर अर्जुना रणतुंगा. पोट आमच्यासारखं, एक धाव चालत काढणार, जास्तच झालं तर रनर मागणार, आणि १९९६ चा वर्ल्डकप घरी नेणार. ॲडलेडला १९९९ मध्ये मुरलीला नोबॉल दिला म्हणून अंपायर इमर्सनच्या पुढं बोट नाचवत टीम बाउंडरीपर्यंत घेऊन गेला. आमच्याकडं ही दर रविवारची गोष्ट. फक्त आम्ही बाउंडरीपर्यंत गेलो की तिथनं दोघं-तिघं तसेच चहाला पुढं जातात.

तुमच्या क्लबांचे, गल्ल्यांचे अनुभव येऊ द्या. कोहली मोठा की रोहित हे भांडण ज्यांना खेळायचंय त्यांनी दुसरा धागा काढावा.

पी_ढबाक

नाद खुळा! भावा, गुड नाईटवाला मीच असणार असं वाटाय लागलंय.

ऑस्ट्रेलियाचा ग्रेग चॅपेल राहिला की. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला शेवटच्या बॉलवर टाय कराय सहा पायजेत. ह्यो धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, म्हणला सरपटी सोड. सोडली. दोन्ही देशांचे पंतप्रधान चिडले. मला सांगा, यात पंतप्रधानानं चिडण्यासारखं काय हाय? आमच्या गल्लीत सगळं क्रिकेटच अंडरआर्म. सरपटी गेली की 'बाद बॉल, परत टाक', विषय संपला. आयसीसीनं अंडरआर्म बंद केलं ते त्या मॅचनंतर. आमचा नियम त्येच्या आधीपास्नं हाय, कुणी विचारलं न्हाई.

आणि थोरल्यानं सांगितलं म्हणून धाकट्यानं टाकला. घरात गेल्यावर आईनं दोघांस्नी काय केलं आसंल ते कुठल्या पेपरात आलं न्हाई.

सदाशिव_लेगस्पिन

धाग्याचा हेतू विनोदाचा असला तरी काही बाबी स्पष्ट व्हायला हव्यात. एमसीसीच्या नियमावलीनुसार येणाऱ्या फलंदाजाला तीन मिनिटे मिळतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या अटींत ती दोन होती. तुमच्या क्लबात यातील काय लागू आहे, याचा उल्लेख नाही.

दुसरे असे की नियम वाचणारा कर्णधार संघाला काय मिळवून देतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच मराठी माणसाचे आहे. १९७१, किंग्स्टन, मालिकेतली पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५ होता, तिथून सरदेसाईंच्या २१२ आणि सोलकरच्या ६१ धावांमुळे ३८७ झाले. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते, परंतु पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग १५० पुरतात. अजित वाडेकर शांतपणे सोबर्सकडे गेले आणि पुन्हा बॅटिंगला या म्हणाले. सामना अनिर्णित राहिला, पण आपला धाक संपला हे वेस्ट इंडीजला तिथेच कळले. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आणि मालिका भारताने जिंकली.

फाईनलेगचा_पावणा

@सदाशिव_लेगस्पिन, वाडेकरांचा किस्सा झकास. आमच्यात नियमावली म्हणजे मॅटच्या मालकाचा थोरला भाऊ. तो लेगअंपायरला उभा असतो. फॉलोऑन आम्हीही एकदा देऊन बघितला, पण समोरची टीम ऑलआउट झाली ती थेट मिसळ खायला गेली. फॉलोऑन द्यायला माणसं मैदानात लागतात, हे वाडेकरांच्या लक्षात आलं नसावं, कारण किंग्स्टनला मिसळ मिळत नाही.

जुना_स्कोअरर

कोल्हापूरच्या माणसानं कर्णधारांवर धागा काढला आणि भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव नाही. पोरांनो, बसा जरा.

भाऊसाहेब कोल्हापुरात जन्मले आणि २०१२ ला कोल्हापुरातच गेले. डिसेंबर १९४८, पुणे, रणजीचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ ला आटोपलं. महाराष्ट्रानं ४ बाद ८२६ केल्या, त्यात भांडारकरांच्या २०५ आणि भाऊसाहेबांच्या नाबाद ४४३. आठ तासांच्या वर खेळत होते. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम समोर दिसत होता. आणखी नऊ काढल्या की बरोबरी, दहा काढल्या की पुढं. एवढ्यात लंच झाला. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. डाव घोषित करा नाहीतर आम्ही चाललो, असं त्यांनी सांगून टाकलं. आणि गेले. सामना सोडून दिला. आपल्या संघाचं नाव विक्रमाच्या पुस्तकात मार खाणारा म्हणून येऊ नये, एवढ्यासाठी.

भाऊसाहेबांना पुढं एकही कसोटी मिळाली नाही. चारशेच्या वर धावा काढून कसोटी न खेळलेला माणूस म्हणून जगभरची पुस्तकं त्यांचं नाव घेतात.

मी स्वतः स्कोअररच्या टेबलाशी बसणारा माणूस. मला त्या दिवशीच्या स्कोअररची दया येते. लंचला पेन खाली ठेवलं असेल, परत उचललंच नाही.

आता २०२५ चं मँचेस्टर आठवा. शेवटच्या दिवशी जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर शंभरीच्या जवळ, सामना कुठंच जात नव्हता, तर स्टोक्स हात पुढं करून आला. चला, संपवू. जडेजानं नाही म्हटलं. मग स्टोक्सनं चिडून हॅरी ब्रूकच्या हातात बॉल दिला, त्यानं लाडूच वाटले. जडेजा नाबाद १०७, सुंदर नाबाद १०१, मग हात मिळवले. ठाकूरसाहेब आणि स्टोक्स यांच्यात पाऊणशे वर्षं गेली, दुखणं तेच आहे. पण बॅटिंगवाल्यांचं मन नसेल तर कर्णधाराला तसंच उन्हात उभं राहावं लागतं, हे स्टोक्सला त्या दिवशी कळलं. भाऊसाहेबांच्या वेळी ते कुणी ठाकूरसाहेबांना सांगितलं नाही. राजेसाहेबांना सांगणार कोण?

पी_ढबाक

स्कोअरर काका, अंगावर काटा आला. ठाकूरसाहेबांची मॅच पुण्यात झाली म्हणून सुटले. मंगळवार पेठेत आसती तर लंचनंतर गाडीच्या चाकात हवा कशी राहिली आसती बघितलं आसतं.

खरं मग मुलतानचं काय म्हणायचं? सचिन १९४ वर आणि द्रविडनं डाव घोषित. आमचा चुलता अजून द्रविडचं नाव काढलं की ताट सरकवतोय.

जुना_स्कोअरर

मी द्रविडच्या बाजूचा. चुलत्यांना सांगा, ताट ओढून घ्या. २००४ ची ती कसोटी आपण डावानं जिंकली, सेहवागच्या ३०९ होत्या, ६७५ फलकावर होत्या आणि वेळ हातात पाहिजे होता. ठाकूरसाहेबांनी नऊ धावा अडवल्या त्या अब्रूसाठी, द्रविडनं सहा अडवल्या त्या विजयासाठी. दोघांना एका तागडीत घालू नका.

पी_ढबाक

तुमचं बरोबर आसंल. चुलता ऐकणार न्हाई.

आमी बी डाव घोषित करतो. आषाढात त्र्यंबोलीची जत्रा आली, घराघरात मटण शिजाय लागलं की साडेअकराला डाव घोषित. किती झाल्यात ते कोण बघत न्हाई. स्टोक्सनं २०२३ ला एजबॅस्टनला पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर घोषित केला, रूट ११८ वर खेळत हुता, आणि शेवटी मॅच दोन विकेटनं हरला. लोकं म्हणली डेरिंग. मला वाटतंय त्येच्या घरात बी तांबडा रस्सा गार व्हायला लागला आसणार.

तिसरी_स्लिप

पावणं, गार्डबद्दल खुशाल लिहा. आम्हालाही भाऊ आहेत, वाळत घातलेलं बघितलंय.

तेवढ्या कर्णधारांत एकही बाई नाही, म्हणून हे. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. दक्षिण आफ्रिकेला २९९ पाहिजेत. वोल्वार्ड जमलेली, सुने लूस जमत आलेली. कर्णधार हरमननं बॉल दिला शफाली वर्माला. शफाली मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावळला दुखापत झाली म्हणून सेमीफायनलच्या आधी बोलावलेली. बॅटिंगला आली, ८७ करून गेली. बॉलिंग तिची एरवी कोण विचारतं? तिनं लूसला स्वतःच्याच बॉलिंगवर झेललं आणि पुढच्या ओव्हरला मारिझान काप आउट झाली. मॅच तिथं फिरली. मग दीप्तीनं पाच काढल्या, आणि शेवटचा झेल हरमननंच मागं पळत घेतला. ५२ धावांनी वर्ल्डकप.

सगळे म्हणतात हरमनला आतनं वाटलं म्हणून तिनं बॉल दिला. आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या ग्राउंडवर खेळायचो तेव्हा आमच्या कर्णधारीणीला पण फार आतनं वाटायचं. जिची शेवटची वडाप जीप चुकणार असेल तिला आधी बॉलिंग. गारगोटीची एक मुलगी अशानं कायम नव्या बॉलनं ऑफस्पिन टाकायची, आणि सलामीच्या पोरी तिलाच आउट व्हायच्या, कारण नवा बॉल एवढा हळू येईल असं कुणालाच वाटायचं नाही.

कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडनं टी-ट्वेंटी खेळली, तीही ऑफस्पिनच टाकते. एवढं माहीत असू दे.

हळदीचा_सौदा

कोल्हापूरकरांचं चालू दे. एक सांगतो आणि जातो. भारतानं पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि ८ धावांनी. मंकडनं सामन्यात १२ घेतल्या. कर्णधार विजय हजारे. गाव सांगली. वरच्या ताईंनी सांगितलेल्या वर्ल्डकपात उपकर्णधार स्मृती मानधना. वाढली कुठं? सांगलीत.

तुमच्याकडं मटण आहे, आमच्याकडं कर्णधार आहेत.

पी_ढबाक

आलं का सांगलीकर! आमच्याकडं अंबाबाई हाय, पंचगंगा हाय, ४४३ हायत. एका माणसाच्या. तुमच्या अख्ख्या टीमनं किती मोसम खेळून झाल्यात तेवढ्या?

यारा_काठचा_कोल्हापुरी

मेलबर्नहून लिहितोय. इथल्या चौथ्या ग्रेडच्या क्लबात खेळतो. किट प्रत्येकाचं स्वतःचं, त्यामुळं कॅप्टन निवडून येतो, आणि त्यामुळं कुणी त्याचं ऐकत नाही. बाकी सगळं तसंच. शनिवारी दहा जण.

रहाणेचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. ॲडलेडला ३६ ऑलआउट, कोहली बाळंतपणासाठी घरी, शमीचा हात मोडलेला. आमच्या क्लबाच्या भाषेत सांगायचं तर अंगठे सातच आलेत. अशात त्यानं इथं एमसीजीवर ११२ मारल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गाबाला जी टीम उतरवली तिच्यातले काहीजण नेट बॉलर म्हणून थांबलेले. ऑस्ट्रेलिया तिथं १९८८ नंतर कसोटी हरलं नव्हतं, ते हरलं. मी रहाणेला रविवारच्या क्रिकेटचा खरा कर्णधार मानतो. जे आलेत त्यांना घेऊन खेळला, आवाज न चढवता.

फाईनलेगचा_पावणा

@यारा_काठचा, एक नंबर. नटराजन नेटमध्ये बॉलिंग टाकायला गेला आणि कसोटी खेळून आला. आमच्याकडं मॅट पसरायला बोलावलेला पोरगा असाच अकरावा म्हणून खेळला, आता तोच मेन बॉलर आहे. कागलकडचा. घरचा ऊस आहे. तुमच्या बुमराहचा वर्कलोड ठरवायला डॉक्टर बसतात, २०२५ ला इंग्लंडात पाचातल्या तीनच कसोट्या खेळणार असं आधी ठरलं होतं. आमच्याचा वर्कलोड शेतीच्या लाईटवर. आठवड्यात रात्रीची थ्री फेज असली की गडी रातभर उसाला पाणी पाजून सकाळी पायाचा चिखल न धुता थेट मैदानात. पहिल्या दोन ओव्हर डोळे मिटून टाकतो. त्या ओव्हर फार खतरनाक पडतात, कारण बॉल कुठं जाणार हे त्यालाही माहीत नसतं. तिसऱ्या ओव्हरला जाग येते, मग मार बसतो.

सदाशिव_लेगस्पिन

एक शंका. तुमच्या कर्णधाराची सरासरी आठ आहे हे तुम्हीच लिहिले. किट विकत घेता येते. मग त्यांना बदलत का नाही?

फाईनलेगचा_पावणा

पुणेकरांनी वर्मावर बोट ठेवलं. आम्हीही हे बोललो होतो, ओम्नीत बसूनच.

माइक ब्रिअर्ली बघा. ३९ कसोट्या, सरासरी २२.८८, एकही शतक नाही. नुसता बॅट्समन म्हणून इंग्लंडच्या टीमात फार दिवस टिकला नसता. पण कर्णधार म्हणून ३१ सामन्यांत १८ जिंकला, चारच हरला. १९८१ ला बोथमनं कप्तानी सोडली आणि याला परत आणला. हेडिंग्लीला फॉलोऑन, सट्टेवाले ५०० ला १ देत होते. बोथमनं नाबाद १४९ मारल्या, विलिसनं ४३ धावांत ८ काढल्या, ऑस्ट्रेलिया १११ ला खलास, इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. ब्रिअर्लीनं काय केलं? बोथमला बोथमसारखं खेळू दिलं आणि विलिसला डोकं फिरेपर्यंत उचकवलं. पुढं तो मनोविश्लेषक झाला. आमचा कॅप्टन त्याच लाइनीतला आहे, फक्त शिक्षण कमी. परवा आमच्या दोन भावांचं वाटणीवरनं बोलणं बंद होतं आणि दोघंच क्रीजवर. एक 'यस' म्हणेना, दुसरा 'नो' म्हणेना. कॅप्टननं ओरडून सांगितलं, "धाव काढायची का न्हाई ते अंपायरला सांगा, तो तिकडं सांगंल." त्या मॅचला दोघांची पन्नासची भागीदारी झाली. अंपायरचा घसा बसला. असा माणूस सरासरीवर बदलायचा?

पी_ढबाक

त्यो अंपायर मी हुतो. वर्गणीत सूट मिळंल म्हणले हुते, अजून मिळाली न्हाई.

एक इषय राहिला. कुस्तीत कॅप्टन नसतोय, वस्ताद असतोय. त्यो आखाड्याच्या काठावर बसून सांगतोय, गडी आत लढतोय. १९९९ च्या वर्ल्डकपला दक्षिण आफ्रिकेच्या हान्सी क्रोनिएनं भारताविरुद्ध कानात यंत्र घातलं हुतं, कोच वूल्मर बाहेरनं सांगत हुता. पाणी प्यायच्या ब्रेकला काढाय लावलं. खासबागेत वस्ताद एवढ्या मोठ्यानं वरडतोय की भवानी मंडपात ऐकाय येतंय. कसलं यंत्र आणि कसलं काय. वूल्मरला कोल्हापुरात ट्रेनिंगला पाठवाय पायजे हुतं.

जुना_स्कोअरर

कर्णधाराचं नशीब शेवटी आम्हा स्कोअरर लोकांच्या हातात असतं, ते राहिलं. ३ मार्च २००३, डर्बन, पाऊस आणि श्रीलंका. दक्षिण आफ्रिकेच्या ड्रेसिंगरूममधनं बाउचरला निरोप गेला, २२९ झाल्या की जिंकलो. बाउचरनं मुरलीला सिक्स मारून २२९ केल्या आणि पुढचा बॉल आरामात अडवला. पाऊस आला. आकडा बघितला तर २२९ ला टाय, जिंकायला एक जास्त पाहिजे होती. स्वतःच्या देशातल्या वर्ल्डकपातनं बाहेर, आणि पोलॉकची कप्तानी गेली. पावसाच्या हिशेबाचा डकवर्थ-लुईसचा तक्ता नीट कुणी वाचला नाही.

आता मोबाईलवर स्कोअरिंग करतात. माझा त्याला विरोध नाही. पण बाराव्या ओव्हरला पोरगं म्हणतं, काका, चार्जिंग संपलं, बहुतेक आठशे... नाही, ऐंशी झाल्यात. म्हणून मी वही सोडत नाही.

हळदीचा_सौदा

गप्पा भरपूर झाल्या. मॅच घ्या की. तुम्ही सांगलीला या, मॅट आमचं. स्कोअरला काकांची वही. जेवण आमच्याकडं, पण तुमच्यासारखं तिखट जमणार नाही. भडंग पाहिजे तेवढं.

पी_ढबाक

भडंगावर चाळीस ओव्हर? चेष्टा चाललीया काय! जेवण आमचं, तुमी हिकडं या.

फाईनलेगचा_पावणा

मधला मार्ग, जयसिंगपूर. दोघांच्या वाटेवरच पडतं. कॅप्टनला विचारलं, ओम्नी निघते म्हणाला, सलामीला तोच जाणार एवढीच अट आहे. अंपायरही जयसिंगपूरचाच घेऊ, म्हणजे कुणाचं बोलणं नको.

हळदीचा_सौदा

अंपायर जयसिंगपूरचा चालेल. पण त्याचा मेहुणा तुमच्यात खेळत नाही ना, तेवढं बघून सांगा.

फाईनलेगचा_पावणा

मेहुणा नाही. साडू आहे.